मुलगा आजोळच्या वळणावर

सिंगापूरहून परत आल्यापासून जो तो विचारतो, ‘काय काय पाहिलंत?’ पक्ष्यांची बाग पाहिली, रात्रीचं प्राणिसंग्रहालय पाहिलं, तोंडातून पाणी सोडणारा सिंहही पाहिला. पण हे सगळं तुम्हाला कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याच्या पत्रकात मिळेल, फोटोंसकट. पत्रकात मिळणार नाही ते मी सांगते. मी तिथे सात फूट दोन इंचांचा एक माणूस पाहिला, त्याची सव्वासहा फुटांची बायको पाहिली, आणि त्यांचा चारचौघांसारखा मुलगा पाहिला.

माणसांच्या उंचीकडे बघायची मला खोड आहे. तो माझा धंदाच आहे. नाशकात तीस वर्षं मी वधूवर सूचक मंडळ चालवते, आमच्या बाहेरच्या खोलीत. एवढ्या वर्षांत मला कळलेली गोष्ट अशी की माणसं पगार एक वेळ खरा सांगतील, उंची खरी सांगणार नाहीत. पाच फूट पाचचा मुलगा पाच-सात लिहितो आणि मुलगी बघायला टाचांचे बूट घालून येतो. म्हणून माझ्या पर्समध्ये कायम टेप असते. मंडळात आलेल्याला आधी चपला काढायला लावायच्या, भिंतीला टेकवायचं, मग बाकीचं बोलणं. अर्धा इंचसुद्धा मी कोणाला सोडत नाही. त्यापायी एक-दोन ठरत आलेली लग्नं फिसकटली, पण आमच्या मंडळाच्या उंचीला नाशकात मान आहे.

बुकित तिमाह

माझा मुलगा मंदार तिथल्या एका बँकेत अकाउंट्स बघतो. सून केतकी, आणि बारा वर्षांचा नातू आर्य. यंदा, म्हणजे २००६ साली, आर्यच्या सुटीत मी महिनाभर त्यांच्याकडे गेले. ते राहतात त्या भागाचं नाव बुकित तिमाह. त्यांच्या इमारतीला कॉन्डो म्हणतात. कॉन्डो म्हणजे आपली सोसायटीच, फक्त पोहण्याचा तलाव असतो आणि भांडणं जिन्यात न होता नोटीस बोर्डावर होतात.

‘बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत’ ही नोटीस मी पहिल्याच दिवशी वाचली होती. पण इतकं छान ऊन समोर असताना साडी यंत्रात कोंबून वाळवायची हे मला पटेना. मी ती कठड्यावर टाकली, दोन चिमटे लावले आणि चहा टाकायला आत गेले. चहा होईपर्यंत साडी चौथ्या मजल्यावरून उडून तलावाकाठच्या झाडावर जाऊन बसली.

वॉचमनने साडीकडे पाहिलं, मग आमच्या बाल्कनीकडे पाहिलं, आणि शिडी आणायला गेला. मी आणि केतकी खाली पोहोचलो तेव्हा तलावाजवळच्या खुर्चीतून एक माणूस उठत होता. उठत होता असं म्हणते, कारण ते उठणं बराच वेळ चाललं. पुरता उभा राहिल्यावर त्याने हात वर केला, साडी काढली, पानं झटकली आणि चौपदरी घडी घालून माझ्या हातात दिली. माझी उंची चार फूट अकरा. मी थँक्यू म्हटलं ते त्याच्या कोपराला.

थँक्यूच्या पाठोपाठ माझ्या तोंडून सवयीने ‘हाइट?’ निघून गेलं. केतकी मागून ‘अहो आई’ म्हणाली, पण तोवर उत्तर आलं होतं. दोन मीटर अठरा. मी मनातल्या मनात फूट-इंच केले. मग ‘वाइफ?’ असंही विचारून घेतलं. एक मीटर नव्वद. केतकीने मला हाताला धरून लिफ्टकडे नेलं.

त्याचं नाव लिउ, राहणारा आमच्याच मजल्यावर. उत्तर चीनमधला. तिकडच्या प्रांताच्या संघातून बास्केटबॉल खेळलेला, आता सिंगापुरात एका क्लबच्या मुलांना शिकवणारा. संध्याकाळी त्याची बायको लान संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. दारातून येताना तिने मान वाकवली. दार तिला पुरेसं उंच होतं, तरी वाकवली. तीही खेळाडूच. इंग्रजी तिचं मोडकंतोडकं आणि माझंही तसंच, त्यामुळे आमचं छान जमलं.

लग्न कसं जमलं, हा माझा पुढचा प्रश्न कोणीही ओळखेल. तिने सांगितलं, कोचने जमवलं. मुलींचा आणि मुलांचा संघ एकाच आवारात राहायचा. म्हाताऱ्या कोचने एक दिवस दोघांना बोलावलं आणि म्हणाला, तुम्ही दोघं चांगले आहात. पत्रिका नाही, गोत्र नाही, मंगळ नाही. मी मनापासून ऐकलं, कारण ही आमच्याच व्यवसायातली बाब होती. तुम्हाला आवडला होता का, असं विचारल्यावर लान म्हणाली, ‘मला वर बघून बोलावं लागतं असा तो एकटाच होता.’ ह्याहून लहान कारणावर मी लग्नं ठरताना पाहिली आहेत.

पण कोचने जोडी जमवली ती काही त्या दोघांसाठी नव्हे. त्याला त्यांचा मुलगा हवा होता. आमच्याकडे नातवाचं तोंड बघायची घाई असते, त्यांच्याकडे नातवाचं डोकं कुठवर पोहोचतं ह्याची. आणि मुलगा झाला तो वेई. तेरा वर्षांचा, पाच फूट चार. आर्यच्या वर्गातली निम्मी पोरं त्याच्याएवढी होती. खाण तशी माती म्हणतात, पण ही माती अजून काही बोलत नव्हती. बापाचं म्हणणं, उशिरा वाढेल. बापाशेजारी उभा राहिला की लोक दोघांकडे आळीपाळीने बघत आणि मग दुसरंच काहीतरी बोलत.

दोन आठवड्यांनी तो म्हातारा कोच आपला संघ घेऊन मैत्रीच्या सामन्यासाठी सिंगापूरला येणार होता. तो वेईला बघणार होता. त्याने मान हलवली तर वेई त्याच्याबरोबर चीनला जाणार, तिथल्या खेळशाळेत राहणार, वर्षातून एकदा घरी. आधी हाताच्या पंजाचा एक्स-रे काढतात आणि हाडं बघून पोरगं कुठवर वाढेल ते सांगतात म्हणे. पंजा आपल्याकडेही बघतात. फी मात्र आपल्याकडे कमी असावी.

लिउने मला विचारलं, तुमच्याकडे उंची वाढायला काय करतात? बिचाऱ्याने कोणाला विचारलं बघा. मी सांगितलं, रोज सकाळी दांड्याला लटकायचं आणि नाचणीचं सत्त्व प्यायचं. ह्या उपायांनी माझं काय झालं हे समोर दिसत असूनही त्याने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी लिटल इंडियातून नाचणी आली. तिसऱ्या दिवसापासून वेई कॉन्डोच्या जिममध्ये दांड्याला लटकलेला आणि आर्य शेजारी आकडे मोजतोय, असं चित्र दिसायला लागलं.

तुआस

वेईला बसचं वेड. कुठली बस कुठून निघते, कुठे वळते, शेवटचा स्टॉप कोणता, सगळं तोंडपाठ. एका दुपारी तो आणि आर्य मला बसने फिरवायला निघाले. कुठे, तर तुआसला. केतकीला हसू आवरेना. तुआसला कारखाने आणि बंदर सोडून काही नाही, तिथे कामाला जातात, फिरायला कोणी जात नाही. वेईचं म्हणणं, पण तिथे बस संपते.

डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेमागे आम्ही बसलो. झाडांच्या फांद्या काचेवर येऊन आदळतात असं वाटतं आणि मी दर वेळी डोकं खाली घेत होते. पोरं हसत होती. अर्ध्या वाटेत वेईने सहज सांगितलं की त्याचे पप्पा बसच्या वरच्या मजल्यावर कधीच येत नाहीत. छत लागतं. खाली वाकून उभे राहतात.

‘सो ऑलवेज आय सिट हिअर लाह,’ तो म्हणाला. वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावायची तिथे सगळ्यांना सवय आहे.

पुढे उंच इमारती संपल्या, मोठमोठे ट्रक सुरू झाले, मग पत्र्याच्या शेड, चिमण्या आणि कंटेनर उचलणाऱ्या क्रेन. शेवटच्या स्टॉपवर एक बाक आणि शीतपेयांचं एक यंत्र होतं. आम्ही तिघांनी सोयाबीनचं गोड दूध घेतलं. ते मला आवडलं नाही, पण संपवलं. सिंगापूरच्या सगळ्या सहलीत मला आठवते ती ही सहल, आणि तिथे बघायला काही नव्हतं.

मी वेईला विचारलं, तुला जायचंय का त्या शाळेत? त्याने दुधाच्या डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाला, बास्केटबॉल वाईट नाही. पण तिथून बस कुठे जातात ते त्याला माहीत नव्हतं. मग हळूच म्हणाला की मम्मी ह्या विषयावर बोलत नाही आणि पप्पा दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. आर्यने त्याला कोपराने ढोसलं आणि दोघं येणाऱ्या बसकडे पळाले.

जियाओझी

पुढच्या आठवड्यात लानने मला जियाओझी करायला बोलावलं. जियाओझी म्हणजे मैद्याच्या लहान पुऱ्या लाटून, आत सारण भरून, कडा चिमटून उकडतात किंवा उकळतात. मी शाकाहारी म्हणून तिने अंडंही न घालता कोबी आणि टोफूचं सारण केलं होतं. पहिली तिने करून दाखवली, दुसरी मी मोदकासारखी केली, पाकळ्या काढून, वर शेंडी आणून. ती उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, अशी उकळत्या पाण्यात फुटेल. फुटली. आमचे मोदक वाफेवर असतात हे मी तिला समजावून सांगितलं, पण तोवर अब्रू गेली होती.

लाटता लाटता ती म्हणाली, ‘आंटी, त्याला लटकायला नका सांगू. ती पावडर पण नको.’

मी लाटणं थांबवलं. ती मात्र काम थांबवत नव्हती. एकीकडे कडा चिमटत तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

ती अकरा वर्षांची असताना हाच कोच तिच्या गावी घरी आला होता. शाळेतून कळलं होतं, इथे एक उंच मुलगी आहे. कोचचा एक नियम होता, तो पोराच्या आईबापाकडे नंतर बघायचा, आधी आईच्या वडिलांची चौकशी करायचा. त्याच्या मते मूल आजोळच्या वळणावर वाढतं. पण त्या दिवशी चौकशी करायची गरजच पडली नाही. लानचे वडील पाहुण्याला सामोरे जायला घराबाहेर आले, ते दारातून मान वाकवून. ते बघून कोच तिथेच हसला. त्याने वडिलांच्या हातावर सिगारेटचं पाकीट ठेवलं. वडील सिगारेट ओढत नसत. महिन्याभरात लान खेळशाळेत दाखल झाली.

त्यानंतर वडिलांना ती मोजून काही वेळा भेटली. ते गेले तेव्हा तिच्या संघाची स्पर्धा चालू होती. स्पर्धा संपल्यावर तिला सांगितलं. ‘जिंकलो होतो,’ असंही तिने सांगितलं, आणि ताटलीतली जियाओझी मोजून दुसऱ्या ताटलीत ठेवली.

तिच्या हॉलमध्ये वडिलांचा फोटो होता. कृष्णधवल. बुटकं, मातीचं घर, पुढे एक झाड, नारिंगी फळांचं असं लानने सांगितलं, आपल्याकडे नसतं ते, आणि दारात एक हाडकुळा माणूस, मान एका बाजूला वाकवून उभा, कारण चौकट त्याच्या कपाळाशी येत होती. मी व्यवसायाच्या नजरेने बघितलं. सहा-पाच तरी असावा.

लिउच्या घरची माणसं साधारण उंचीची, हे कोचला ठाऊकच होतं. तेव्हा सगळी मदार ह्या फोटोतल्या माणसावर होती. मी लानला म्हटलं, मग नवऱ्याला सांग, मला मुलगा पाठवायचा नाही. ती म्हणाली, तो वाईट माणूस नाही, आंटी. एवढंच म्हणाली. मला ते उत्तर ओळखीचं होतं. आमच्या बाहेरच्या खोलीत कितीतरी बायकांनी मला हेच उत्तर दिलं आहे.

हॉकर सेंटरमध्ये

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नास टपऱ्या आणि मधे बाकडी. संघ आला त्या संध्याकाळी लिउ त्यांना जेवायला घेऊन गेला आणि आम्हालाही बोलावलं. तिथली स्टुलं जमिनीत पक्की रोवलेली असतात, पुढेमागे होत नाहीत. ते बारा उंच खेळाडू त्यांवर बसले तेव्हा सगळ्यांचे गुडघे टेबलाच्या वर आले. मग त्यांनी आडवं बसून, भांडी हातात धरून खाल्लं. छपराच्या पंख्यांखालून जाताना प्रत्येक जण डोक्यावर हात ठेवत होता. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे बिअर ठेवून बघत बसले. त्या सगळ्यांच्या मधे एक लहानखुरा गृहस्थ होता, माझ्याहून जेमतेम चार बोटं उंच. मी त्याला संघाचा स्वयंपाकी समजले. तोच कोच. जन्मभर उंच माणसं शोधत हिंडणारा माणूस स्वतः एवढासा, हे बघून मला जरा बरं वाटलं.

लिउ त्या दिवशी खुशीत होता. वेई मधे बसून त्याचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होता. लहानपणी लिउचं घर म्हणजे एक खोली आणि आठ माणसं. तो वाढत गेला तसा संघात गेला, संघात गेला म्हणून शहरात जागा मिळाली, आणि सगळं घर शहरात आलं. पोटभर खाणं त्याच्या उंचीने आणलं. त्याच्या एका गुडघ्याला नीट वाकता येत नाही, ते तो हसत हसत दाखवत होता.

‘माझ्याकडे मुलाला द्यायला एवढी एकच गोष्ट आहे,’ वेईने बापाचं वाक्य सांगितलं आणि आपलं नूडल्सचं भांडं पुढे ओढलं.

मंदार माझ्याकडे बघत होता. मंदारलाही मी, त्याला हवं का हे न विचारता, काय काय द्यायला निघाले होते ते त्याला आठवत असणार. माझं सगळं लक्ष लिउच्या गुडघ्याकडे होतं.

जेवण

दोन दिवसांनी कोच लिउच्या घरी जेवायला येणार होता. त्या दुपारी लान पंच्यात गुंडाळलेली एक चौकट घेऊन आमच्याकडे आली. उद्यापर्यंत ठेवाल का, म्हणाली. आणि रात्री जेवायला या. मी म्हटलं, तुमच्या घरगुती गोष्टीत मी कशाला? ती म्हणाली, म्हणूनच या, पाहुण्यांसमोर लिउ भांडणार नाही. तुमच्याकडे कसं असतं? आमच्याकडेही असंच असतं, मी म्हटलं. ती गेल्यावर पंचा सोडून बघितला. तिचे वडील दारात मान वाकवून उभे होते.

मी तेव्हाच समजायला हवं होतं, पण नाही समजले. मला वाटलं, कोचसमोर वडिलांचा फोटो तिला नको असेल.

संध्याकाळी मी गेले तेव्हा लिउ भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यासमोर उभा होता. त्याने खिळ्यावर बोट टेकवलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं, आणि बाटली आणायला आत गेला.

कोच आला. लानने हॉलमधून जेवणघराकडे जाणाऱ्या दोन पायऱ्या उतरताना कठडा धरला आणि आडवी होऊन एकेक पाय खाली टाकला. खेळून झिजलेल्या गुडघ्यांमुळे ती नेहमीच तशी उतरायची. कोच मागून येत होता. त्याचं बोलणं चालू होतं ते थांबलं, आणि ती खाली पोहोचेपर्यंत तो वरच्या पायरीवर उभा राहिला.

मला वेईशेजारी बसवलं होतं, तो मला अर्थ सांगणार म्हणून. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि ते तोच मला सांगत होता. कोचने त्याचा पंजा हातात घेतला, बोटं पसरली, मनगट दाबलं. पाय दाखवायला सांगितला. ‘माझे पाय मोठे आहेत म्हणतो,’ वेई म्हणाला. त्याने खांदे सरळ केले होते. कोचने वेईची बोटं मिटली, हात परत त्याच्या मांडीवर ठेवला आणि लानकडे वळला. त्याने विचारलं, तुझे वडील केवढे होते?

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लिउने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. लान म्हणाली, आणि म्हणताना तिने हात आपल्या खांद्याच्याही खाली धरला. वेईने अर्थ सांगितला नाही. मी त्याच्याकडे बघितलं. जन्मापासून तो फोटो त्याने रोज पाहिला होता. आईच्या वडिलांना ते लाओये म्हणतात.

‘शी से,’ तो अगदी हळू म्हणाला, ‘लाओये वॉज शॉर्ट.’

टेबलाभोवती पाच माणसं होती आणि त्यांतला एकही खरं न जाणणारा नव्हता. तीस वर्षं मी माणसांना उंची वाढवताना बघत आले. मेलेल्या बापाची उंची कमी करणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. एक शब्द लिउने बोलायचा होता, फक्त एक. त्याने भिंतीकडे पाहिलं, जिथे खिळा होता. मग त्याने चॉपस्टिक्स उचलल्या, माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढला, जो त्यांच्यात मानाच्या पाहुण्याला देतात, आणि तो कोचच्या वाटीत ठेवला.

कोचने तो तुकडा सावकाश खाल्ला. लानचा हात अजून तिथेच, खांद्याखाली, हवेत होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं आणि तो बोलला.

वेईने सांगितलं, ‘तो म्हणतो, मला आठवतं. मी त्यांच्या घरी गेलो होतो. दारापुढे नारिंगी फळांचं झाड होतं. मी त्यांना सिगारेटी दिल्या.’ वेई थांबला. ‘म्हणतो, हो. खूप बुटका माणूस होता. मुलगा आजोळच्या वळणावर गेलाय. एक्स-रे नको.’

लानने हात खाली घेतला आणि पाहुण्याच्या वाटीत भात वाढला. मग बोलणं दुसऱ्या दिवशीच्या सामन्यावर गेलं. वेईने तेही मला सांगितलं, पण मी ऐकलं नाही. सामना मी पाहिला, कोण जिंकलं ते आता आठवत नाही.

पुन्हा चौथा मजला

सकाळी फोटो घेऊन मी त्यांच्याकडे गेले. लान बाजारात गेली होती, वेई आणि आर्य कुठल्याशा बसचं टोक गाठायला. दार लिउने उघडलं. त्याने पंचा सोडला, त्याची चौपदरी घडी घालून माझ्या हातात दिली, आणि फोटो खिळ्याला लावला. त्याला स्टूल लागलं नाही. एक कड तिरकी होती, ती बोटाने सरळ केली.

बराच वेळ तो सासऱ्याकडे बघत उभा राहिला. सासऱ्याला तो प्रत्यक्षात कधी भेटलेला नव्हता. त्याचं इंग्रजी थोडकं, त्यामुळे वाक्य जुळवायला त्याला वेळ लागत असावा. मग त्याने फोटोतल्या दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, ‘डोअर. स्मॉल डोअर.’

माझी पर्स खांद्यावर होती, टेप पर्समध्ये होती. मी मान वर करून फोटो पाहिला आणि म्हटलं, ‘यस. व्हेरी स्मॉल डोअर.’